चार्ट संपल्यानंतर एकतिसाव्या दिवशी काय खायचं?

अर्धा_कप:
लोकहो, बरेच दिवस एक शंका डोक्यात घोळतेय म्हणून धागा काढतेय. ३० दिवसांत अमुक किलो, २१ दिवसांत पोट सपाट, ७ दिवस नुसत्या ज्यूसवर, असले चार्ट सगळ्या ग्रुपवर फिरत असतात आणि दर वेळी कोणी ना कोणी ते अगदी मनापासून करतंही. त्यात सगळं लिहिलेलं असतं, उठल्याबरोबर काय प्यायचं, अकराला किती बदाम, रात्री आठनंतर तोंडाला कुलूप. फक्त एकतिसाव्या दिवसाचा रकाना नसतो. त्या दिवशी काय खायचं? आधीचंच? मग आधीचं खाऊन जेवढं वजन होतं तेवढंच परत होणार की, त्यात नवल ते काय. आणि झालं की दोष सगळा त्या माणसाच्या माथी, जिभेवर ताबा नाही, मनाचा खंबीर नाही वगैरे. चार्टला कोणी चकार शब्द बोलत नाही.

पहिल्या आठवड्यात जी जादू दिसते तिच्याबद्दल आधी लिहिते कारण लोक तिथेच फसतात. आपलं शरीर पिष्टमय पदार्थांचा थोडा साठा ग्लायकोजेन म्हणून लिव्हरमधे आणि स्नायूंमधे ठेवतं, सगळा मिळून साधारण अर्धा किलो, आणि त्यातला प्रत्येक ग्रॅम आपल्याबरोबर ३ ग्रॅमच्या आसपास पाणी धरून बसलेला असतो. भात, ब्रेड, साखर सगळं एकदम बंद केलं की हा साठा वापरला जातो, पाणी निघून जातं आणि काटा दीड-दोन किलो खाली येतो. चरबी त्यात अगदी थोडी. मग कोणाकडे तरी लग्न निघतं, माणूस दोन दिवस व्यवस्थित जेवतो, पाणी परत येतं आणि तो कपाळाला हात लावून बसतो की दोन दिवसांत सगळं घालवलं. अरे पण कमावलंच नव्हतं तर घालवणार काय.

दुसरी गोष्ट उपासमारीची. १९४४-४५ मधे अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. ते सगळे स्वखुशीने आलेले, युद्धात हत्यार उचलायला नकार दिलेले लोक. युद्धानंतर उपाशी जनतेला परत कसं खायला घालायचं ते शोधायचं होतं. रोजचं खाणं १६०० कॅलरीच्या आसपास, म्हणजे आज कित्येक डाएट चार्टमधे याहून कमी लिहिलेलं असतं! वजन साधारण पाव हिश्शाने घटलं पण त्याबरोबर माणसं चिडचिडी झाली, थंडी सोसेना, दिवसभर अन्नाचेच विचार, ज्यांना स्वयंपाकाशी काही देणंघेणं नव्हतं ते पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले, ताटल्या चाटायला लागले. प्रयोग संपल्यावर तर पोट भरलं तरी भूक भागेना अशी अवस्था झाली आणि चरबी आधीपेक्षा जास्त चढली. ही चांगली निवडून घेतलेली, निश्चयाची माणसं होती बरं का. त्यांचं हे झालं तर "मनाचा खंबीर नाही" हे वाक्य आपण कोणत्या तोंडाने बोलतो?

तर माझं म्हणणं एवढंच की खाण्याची पद्धत निवडताना "किती किलो" हे नंतर विचारा, आधी "हे मला वैताग न येता वर्षानुवर्षं करता येईल का" ते विचारा. जमणार नसेल तर पहिल्या दिवशीही करू नये. तुम्हाला काय वाटतं?

उनाडटप्पू:
वाचतोय. पण काटा खाली आला की हुरूप येतो त्याचं काय? तीन महिन्यांनी अर्धा किलो कमी होणार असेल तर तोपर्यंत कोण थांबतंय.

चिमणी_काकू:
छान विषय काढलास गं. सवडीने लिहिते, आत्ता कुकर लावलाय.

कुंपणावरचा:
धागा चांगला आहे पण थोडा एकतर्फी होतोय म्हणून दुसरी बाजू मांडतो.

झटपट उतरवलेलं वजन झटपट परत येतं आणि हळूहळू उतरवलेलं टिकतं, हे इतक्या वेळा ऐकलंय की ते खरंच असणार असं सगळे धरून चालतात. ऑस्ट्रेलियात हे प्रत्यक्ष करून बघितलं, निकाल २०१४ मधे आला. २०० च्या आसपास लोक, निम्म्यांना १२ आठवड्यांत वजन उतरवायला लावलं, निम्म्यांना ३६ आठवड्यांत. झटपट गटातल्या १० पैकी ८ जणांनी ठरलेला आकडा गाठला, सावकाश गटातल्या जेमतेम निम्म्यांनी. म्हणजे उनाडटप्पू म्हणतोय त्या हुरुपात तथ्य आहे! मग ज्यांनी गाठला त्यांच्यावर पुढे जवळपास तीन वर्षं लक्ष ठेवलं. दोन्ही गटांचं उतरलेल्यापैकी ७० टक्क्यांच्या आसपास वजन परत आलं होतं. दोन्ही! सावकाश करणारे काही वाचले नाहीत.

दुसरं उदाहरण ब्रिटनमधलं, रॉय टेलर आणि माइक लीन यांचं. टाइप २ डायबेटिस होऊन सहा वर्षांच्या आत असलेले लोक घेतले, निम्म्यांना ३ ते ५ महिने दिवसाला ८५० कॅलरीच्या आसपास फक्त तयार सूप आणि शेक. यापेक्षा क्रॅश डाएट काय असणार? वर्षाच्या शेवटी त्यातल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधांशिवाय डायबेटिसच्या रेषेखाली होती आणि दोन वर्षांनी ३६ टक्के. त्यामुळे झटपट म्हणजे पाप असं सरसकट म्हणू नये.

अर्धा_कप:
@कुंपणावरचा, मस्त प्रतिसाद, असाच वाद हवा होता. वेगाबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पण तुमचीच दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघा. ब्रिटनवाल्यांनी शेक बंद झाल्या दिवशी लोकांना वाऱ्यावर सोडलं नव्हतं. आधी काही आठवडे एकेक जेवण परत सुरू करायचं, ते कसं करायचं ते शिकवायचं, नंतर दोन वर्षं दर महिन्याला भेटून वजन बघायचं, वाढलं तर लगेच काय करायचं तेही आधीच ठरवलेलं. म्हणजे तिथे एकतिसाव्या दिवसाचा रकाना होता, आणि चांगला लांबलचक होता. आणि तरीसुद्धा ४६ चे ३६ झालेच. शिवाय हे सगळं डॉक्टरांच्या नजरेखाली, गोळ्या बंद करून. शुगरच्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू असताना घरच्या घरी कोणी ८५० कॅलरीवर गेलं तर साखर किंवा बीपी धाडकन खाली येऊन चक्कर येऊन पडायचा, हे मात्र वाचणाऱ्यांनी लक्षात घ्या.

रातपाळी:
सगळं पटतंय पण हे ज्यांच्या हातात वेळ आहे त्यांचं काम वाटतं हो. माझी आठवड्याआड रात्रपाळी असते. पहाटे तीनला पोटात कावळे ओरडायला लागतात, कँटीन बंद, मशीनमधे चिप्स आणि गोड पेयं, सकाळी घरी आलो की झोप आधी की जेवण आधी तेच कळत नाही, दुपारी उठलो की जे समोर दिसेल ते. लाईफस्टाईल म्हणायला सोपं आहे, माझी लाईफस्टाईल माझा सुपरवायझर ठरवतो.

चिमणी_काकू:
@रातपाळी, तुझं अगदी बरोबर आहे रे बाबा. दमलेल्या माणसाला सल्ले नकोसे वाटतात, म्हणून मी सल्ला देत नाही, काय केलं तर चालतं ते सांगते. घरात शिफ्टवाले दोघं आहेत माझ्या.

भूक पहाटे तीनला लागणार हे ठरलेलं आहे ना, मग त्याची सोय तीनला करायची नाही. जागरण झालं की भूक वाढते आणि त्यात गोड-तेलकटच खावंसं वाटतं, शरीरच तसं करतं, तिथे मनाशी कुस्ती खेळण्यात अर्थ नाही. सुट्टीच्या दिवशी अंडी उकडून सालासकट फ्रिजमधे ठेव, आठवडाभर राहतात. भाजलेले शेंगदाणे, एखादं फळ, दह्याचा डबा. मुख्य जेवण ड्युटीला जायच्या आधी पोटभर घे आणि तीनला एवढंच खा. मशीनकडे अजिबात जायचं नाही असा पण वगैरे करू नकोस, बॅगेत डबा असला की पाय आपोआप तिकडे कमी वळतात.

आणि फ्रोजन भाज्यांना नाक मुरडू नका कोणी. मटार, मका हे तोडल्यावर लगेच गोठवलेले असतात, चार दिवस फ्रिजमधे पडून मलूल झालेल्या ताज्या भाजीपेक्षा काही कमी नसतात. कडधान्य एकदम जास्त शिजवून डब्या-डब्यांत फ्रीझ करून ठेवायचं, आयत्या वेळी कांदा परतून त्यात टाकलं की झालं.

माझ्या स्वयंपाकघरात अजून एक आहे. फ्रिजच्या डोळ्यासमोरच्या कप्प्यात काचेच्या डब्यात धुऊन चिरलेली काकडी-गाजरं, आणि बिस्किटांचा डबा माळ्यावर, पिंपाच्या मागे. बंद नाही केली बिस्किटं, पण स्टूल आणा, पिंप सरकवा, डबा काढा, झाकण उघडा, त्याच पिंपामागे परत ठेवा, एवढं करायचा सगळ्यांनाच कंटाळा. ज्याला खरंच हवंय तो चढतो. आमचे हे चढतात अधूनमधून, चढू देत.

उनाडटप्पू:
काकू _/\_ पिंपामागचा डबा भारी आहे.

बेरकी_बोका:
बिस्किटांचा विषय निघालाच आहे तर जरा पाकिटं उलटी करून वाचायची सवय लावा राव. पुढच्या बाजूला गव्हाचं कणीस, हिरवं पान, "पौष्टिक" असं काय काय असतं. मागे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, जे सगळ्यात जास्त ते पहिलं. काल एक "धान्यांचं" बिस्किट बघितलं, पहिला मैदा, दुसरी साखर, तिसरं तेल आणि ज्या धान्याचा फोटो पुढे एवढा मोठा छापलाय ते पार खाली, मिठाच्या जरा वर. त्यात पुन्हा साखर एकदाच येत नाही, ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन अशी वेगवेगळ्या नावांनी येते म्हणजे प्रत्येक जण रांगेत खाली जाऊन उभा राहतो. आणि कॅलरीचा आकडा बघाल तर तो "दोन बिस्किटांचा". दोन बिस्किटं खाऊन पाकीट बंद करणारा माणूस मी अजून बघितलेला नाही.

यावर एक फार नेटका प्रयोग झालाय. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी केलेला, २०१९ चा. २० माणसं महिनाभर तिथेच मुक्कामाला. दोन आठवडे कारखान्यात बनवलेलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं घरगुती पद्धतीचं. गंमत अशी की दोन्हीकडे ताटात वाढलेल्या कॅलरी, साखर, चरबी, फायबर, मीठ सगळं सारखं ठेवलेलं आणि सांगितलेलं की हवं तेवढं खा. पॅकेटवालं खाताना लोकांनी रोज ५०० च्या आसपास कॅलरी जास्त खाल्ल्या आणि भराभर खाल्लं. दोन आठवड्यांत सुमारे ०.९ किलो वाढलं, साध्या जेवणावर तेवढंच उतरलं. कोणालाही कमी खा म्हणून सांगितलेलं नव्हतं!

म्हणून मी कॅलरी मोजत बसत नाही. घरी शिजवलेलं किती आणि पाकिटातून आलेलं किती, एवढं बघतो.

शंकेखोर:
बोका, २० माणसं आणि दोन आठवडे, यावरून सगळ्या जगाचं ठरवायचं का? ब्रेडसुद्धा पाकिटातूनच येतो.

बेरकी_बोका:
माणसं थोडी आहेत, मान्य. पण प्रत्येक घास मोजून, माणूस तिथेच कोंडून केलेले प्रयोग मुळातच कमी असतात, लोकांना "काल काय खाल्लंत" विचारून भरलेल्या फॉर्मपेक्षा मला याची किंमत जास्त वाटते. ब्रेडचं बरोबर आहे. पाकीट हा शत्रू नाही, दही आणि फ्रोजन मटारही पाकिटातच येतात. मागची यादी वाचून ती घरातल्या फडताळात सापडेल का तेवढं बघायचं.

शंकेखोर:
ओके हे पटलं. पुढची शंका. लो कार्ब (भात-पोळी-साखर कमी) चांगलं की लो फॅट (तेल-तूप कमी)? यावर दोन मित्र माझ्यासमोर भांडून उठलेत.

कुंपणावरचा:
@शंकेखोर, भांडण मिटवा त्यांचं. स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांनी ६०९ लोकांवर वर्षभर हेच बघितलं, २०१८ मधे छापून आलं. लो फॅटवाल्यांचं सरासरी ५.३ किलो उतरलं, लो कार्बवाल्यांचं ६, म्हणजे सांगण्यासारखा फरक नाही. पण प्रत्येक गटाच्या पोटात बघितलं तर कोणाचे तीसेक किलो गेलेले आणि कोणाचे दहाएक वाढलेले! दोन्ही गटांना कॅलरी मोजायला सांगितलंच नव्हतं. भाज्या भरपूर, वरून घातलेली साखर आणि मैदा कमीत कमी, जास्त करून घरी शिजवलेलं, एवढं दोघांनाही समान. वरचा कार्ब-फॅटचा झेंडा कोणताही लावा.

जुनी_वही:
पहिल्यांदाच लिहितेय इथे. मला यातलं सगळ्यात जास्त छळणारं कोणतं वाटतं तर "आता बिघडलंच आहे तर होऊन जाऊ दे". दुपारी ऑफिसमधे कोणाचा तरी वाढदिवस, केकचा तुकडा खाल्ला, की दिवस बाटला, मग संध्याकाळी समोसेबिमोसे, रात्री आइस्क्रीम, उद्यापासून परत कडक. ते उद्या म्हणजे बहुतेक सोमवार असतो.

यावर १९७५ साली पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी केलेला प्रयोग मला फार आवडतो. मुलींना आधी मिल्कशेक प्यायला दिले, काहींना एक, काहींना दोन, काहींना काहीच नाही, आणि मग चव सांगायच्या निमित्ताने आइस्क्रीम हवं तेवढं समोर ठेवलं. ज्या एरवी खाण्यावर बंधनं घालत नव्हत्या त्यांनी शेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, साहजिकच, पोट भरलेलं. ज्या कायम डाएटच्या विचारात असायच्या त्यांनी शेक पिऊन झाल्यावर उलट जास्त खाल्लं! शेकने नियम मोडला होता ना, आता पाळायचं कशासाठी.

माझ्या मते हे नियमांमुळे होतं. "साखर बंद" हा नियम एका घासात मोडतो आणि मोडला की पुढे सगळं माफ. "गोड आठवड्यातून दोनदा, बसून, चवीने" असं असेल तर केकचा तुकडा हा त्यातला एक होतो, विषय संपला. डाएटमधे सुट्टी घेऊन हवं ते खायच्या दिवसाला चीट डे म्हणतात, ते नावच मला खटकतं, फसवतोय कोणाला?

पाऊलवाट:
जुनी_वही, स्वागत, फार नेमकं लिहिलंत. यालाच जोडून थोडं गंभीर लिहिते. आरोग्यदायी खाण्याचंही वेड लागू शकतं. माझी एक मैत्रीण ऍपमधे प्रत्येक घास भरायची, सुरवातीला आम्हाला कौतुक वाटलं, नंतर ती कोणाकडे जेवायला यायचंच टाळायला लागली कारण दुसऱ्याच्या घरच्या भाजीत तेल किती ते ऍपमधे काय भरणार. स्वतःचा डबा घेऊन लग्नाला गेली. पाळी थांबली तेव्हा कुठे घरच्यांच्या लक्षात आलं. लोक मात्र तोवर "कसली शिस्त आहे" म्हणत होते. खाण्याने आयुष्य आक्रसायला लागलं असेल, ठरलेल्या बाहेरचं काही खाल्लं की रात्रभर अपराधी वाटत असेल, तर ते डॉक्टरांना, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचं. त्यावर चांगले उपचार आहेत आणि ती आता बरी आहे.

अर्धा_कप:
@पाऊलवाट, हे लिहिलंस ते फार बरं केलंस. "कायम करता येईल का" हा माझा प्रश्न अशा वेळी अपुरा पडतो कारण तीही कायम करायला तयारच होती. माणसांत बसून जेवता येतंय का हेही बघायला हवं.

शंकेखोर:
सवय २१ दिवसांत लागते म्हणतात ते तरी खरं का? म्हणजे २१ दिवस दात-ओठ खाऊन केलं की पुढे गाडी आपोआप.

जुनी_वही:
नाही हो. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जननी १९६० मधे लिहून ठेवलं की ऑपरेशननंतर रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात. त्यातला "निदान" गळाला आणि नाकाचा हिशोब लोकांनी जेवणाला लावला. लंडनमधे फिलिपा लॅली यांनी ९६ लोकांवर बघितलं, जेवणाबरोबर एक फळ, एक पेला पाणी, जेवणाआधी पळणं असं प्रत्येकाने एकेक निवडलेलं. ते विचार न करता व्हायला लागायला मध्यावर ६६ दिवस निघाले, पण माणसागणिक फरक १८ पासून २५४ पर्यंत! पाणी पिणं लवकर जमतं, व्यायाम उशिरा. आणि मधे एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात काही बिघडलं नाही. हे शेवटचं मला सगळ्यात कामाचं वाटतं.

उनाडटप्पू:
बरं पण आता वजन उतरवायची ती आठवड्याला एक घ्यायची इंजेक्शनं आली आहेत ना, मग एवढा खटाटोप कशाला?

कुंपणावरचा:
सेमाग्लुटाइडची म्हणतोयस. काम करतात, त्यात वाद नाही, आणि ज्यांना डॉक्टरांनी दिलीत त्यांनी लाजायचंही कारण नाही, भूक ही हार्मोनची भानगड आहे हेच त्याने सिद्ध होतं. पण बंद केल्यावर काय होतं तेही बघितलेलं आहे, वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आलं. म्हणजे औषध चालू ठेवायचं तर तेही बीपीच्या गोळीसारखं दीर्घकाळाचंच. शिवाय भूक कमी झाल्यावर जे थोडंफार पोटात जाणार ते काय असावं हा प्रश्न उरतोच, दिवसभरात चार घास जाणार असतील तर त्यात प्रोटीन नको का? वजनाबरोबर स्नायूही उतरतात.

रातपाळी:
एक खरं खरं सांगा. इतकं करून वजन फारसं उतरलंच नाही तर? माझ्या घराण्यातच सगळे आडव्या बांध्याचे आहेत, वडिलांना आणि दोन्ही काकांना शुगर.

अर्धा_कप:
@रातपाळी, तुमच्यासाठी तर हे मुद्दाम लिहिते. अमेरिकेत डायबेटिसच्या उंबरठ्यावरच्या ३,२३४ लोकांचा मोठा अभ्यास झाला, २००२ मधे आला. एका गटाला ध्येय दिलं ते फक्त ७ टक्के वजन आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्याइतपत व्यायाम. ७ टक्के म्हणजे ८० किलोच्या माणसाचे साडेपाच किलो, फोटोत कोणाला फरक कळणारही नाही. पण पुढच्या तीनेक वर्षांत या गटात डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. मेटफॉर्मिनची, म्हणजे शुगरची, गोळी घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. नंतर बऱ्याच जणांचं वजन थोडंफार परत आलं तरी १५ वर्षांनी बघितलं तेव्हाही २७ टक्के फरक शिल्लक होता.

चीनमधल्या दाचिंगचा अभ्यास तर १९८६ ला सुरू झाला. सहा वर्षं खाणं आणि चालणं यात बदल करून घेतले आणि मग तीस वर्षं नोंदी ठेवल्या. बदल केलेल्यांना डायबेटिस सरासरी चार वर्षं उशिरा झाला आणि हृदयविकाराचे प्रसंगही कमी आले. बांधा आडवाच राहिला तरी हे मिळतं. मी तर म्हणेन काटा महिनाभर कपाटात टाका आणि रक्ताचे रिपोर्ट, कमरेचा घेर, जिना चढताना लागणारा दम हे बघा.

रातपाळी:
हे माहीत नव्हतं. तीन महिन्यांची सरासरी शुगर करून घेतो या आठवड्यात. अंडी उकडायला टाकलीत काकू.

चिमणी_काकू:
शाब्बास. उकळी आल्यावर दहा मिनिटं, मग गार पाण्यात.

शंकेखोर:
शेवटची शंका, मग गप्प बसतो. फायबर फायबर करतात सगळे, ते नेमकं किती? आणि मीठ? आमच्याकडे बीपी आहे.

बेरकी_बोका:
गप्प कशाला बसताय, विचारा की. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला रोज निदान २५ ग्रॅम फायबर आणि ४०० ग्रॅम भाज्या-फळं म्हणते. बटाटा त्यात धरायचा नाही, तो भाताच्या रांगेत. ज्यूस केला की बराचसा फायबर गाळणीतच राहतो, फळ चावून खा. फायबर एकदम वाढवू नका, पोट फुगतं, आठवड्या-आठवड्याने वाढवा आणि पाणी प्या.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, आणि त्यात पाकिटातलं, सॉसमधलं, हॉटेलातलं सगळं आलं. पाकिटावर बहुतेक वेळा मीठ लिहीत नाहीत, सोडियम लिहितात आणि तो आकडा छोटा दिसतो. त्याला अडीचने गुणा. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ, आणि नूडल्सच्या एका पाकिटात तेवढं सहज असतं.

शंकेखोर:
आत्ताच उठून बघितलं. सूपच्या पाकिटावर ९२०. आणि तेही "एका सर्व्हिंगला", पाकिटात सर्व्हिंग तीन.

बेरकी_बोका:
आणि एक जण पाकीट संपवतो. करा गुणाकार.